आमचं तर कुणाशी भांडणच झालं नाही

रा. रं. बोराडे सर ११ फेब्रुवारी २०२५ला गेले. त्या दिवशी अनेकांनी 'पाचोळा'चं मुखपृष्ठ टाकलं, मीही टाकलं आणि खाली दोन ओळी खरडल्या. संध्याकाळी प्रत कपाटात परत ठेवताना सहज उघडली, तर समासात माझ्याच अक्षरात पेन्सिलीनं लिहिलेलं : 'ग्रामीण दारिद्र्याचे वास्तव चित्रण. महत्त्वाचे. १० मार्क.' बी.ए.ला ही कादंबरी आम्हाला अभ्यासाला होती, तेव्हाची ती खूण. वाचून लाज वाटली. का वाटली ते सांगायला आज लिहितोय. लांब आहे, चहा घेऊन बसा.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'पाचोळा' १९७१ची. बोराडे सर मूळचे लातूरकडच्या काटगावचे, म्हणजे आमच्या बार्शीवाल्यांना शेजारचेच. कादंबरीतली बोली वाचताना आम्हाला कुठं अडखळायला होत नाही. गावात गंगाराम नावाचा शिंपी आहे, त्याची बायको पार्वती, पोरगा भारत. सगळी गोष्ट पार्वती सांगते, तिच्या बोलीत. गावातल्या गरडाशी, म्हणजे ज्याच्या शब्दाला गावात वजन आहे अशा माणसाशी, गंगारामचं बिनसतं आणि तिथून घर उतरणीला लागतं. लेखक मध्ये येऊन शहाणपण सांगत नाही, हळहळत नाही. बाई बोलते आणि आपण ऐकतो. बस. शेवट सांगत नाही, वाचा.

खेड्यातल्या हलाखीवर आपल्याकडं चांगल्या कादंबऱ्यांची वाण नाही. सदानंद देशमुखांची 'बारोमास' २००२ची, तिला २००४चा साहित्य अकादमी मिळाला. आपल्या मंगळवेढा-सांगोल्याला लागून असलेल्या जत तालुक्यातल्या नवनाथ गोरेंची 'फेसाटी' २०१७ची, तिला अकादमीचा युवा पुरस्कार. पुरस्कार मिळाल्यावर दोनच वर्षांनी, लॉकडाउनमध्ये नोकरी गेली म्हणून हा लेखक दुसऱ्याच्या रानात रोजंदारीला जात होता, हे तुम्ही बातम्यांत वाचलं असेल. पण या सगळ्यांत 'पाचोळा' माझ्यासाठी वेगळी, कारण त्या घराचं पोट शेतावर नाही, सुई-दोऱ्यावर आहे. आणि माझे तात्या शिंपी होते.

तात्या म्हणजे माझ्या मावशीचे मालक. गाव वैरागच्या बाजूचं, नाव लिहीत नाही. आम्ही शिंपी म्हणजे नामदेवरायांच्या कुळातले. पंढरीला पायरीशी मान, गावात मात्र पाच गुंठ्यांचीही मालकी नाही. घराच्या ओट्यावर उषाची एक काळी मशीन, शेजारी कात्री, खडू आणि चिंध्यांचं गाठोडं. बंड्या, कोपऱ्या, पायजमे, बायकांच्या चोळ्या-झंपर, बाळंतिणीच्या पोराला झबलं-टोपडं. पैसे रोख फारसे नसायचे. सुगीला शाळूचं पायलीभर-दोन पायली धान्य घरपोच यायचं, त्यातच वर्षाची शिलाई फिटायची. तरी जूनमध्ये शाळा सुरू होताना आणि लगीनसराईत रात्री कंदील लावून मशीन चालायची. माझी खाकी चड्डी तात्याच शिवायचे आणि खाली चार बोटं कापड दुमडून ठेवायचे. दरवर्षी एक दुमड सोडायची. एक चड्डी तीन वर्षं जायची.

अशा माणसाचा मी भाचा. आणि परीक्षेत 'ग्रामीण दारिद्र्याचे वास्तव चित्रण' यावर चार पानं लिहून आलो, पण एकदाही डोक्यात आलं नाही की ही आपल्या तात्याच्या ओट्याची गोष्ट आहे. मास्तरांनी नोट्स दिल्या, आम्ही पाठ केल्या. पुढं मी सोलापुरात शाळेवर लागलो, पहिल्या पगारात नवी पेठेतून दोन तयार पँटी घेतल्या आणि तात्याकडं कापड न्यायचं बंद झालं ते कायमचंच.

मी एकट्यानं बंद केलं असं नाही. सगळ्या गावानंच केलं. आधी पोरांनी, मग म्हाताऱ्यांनीही. शाळेचा गणवेश फुकट मिळू लागला, चांगलीच गोष्ट झाली, पण तो तयार यायचा. सोलापूरकरांना सांगायला नको, आपलं शहर आता गणवेशाचं शहर आहे. चादरीचं होतं, गिरण्यांचं होतं, त्या बंद पडल्या, टॉवेल-चादरीचे कारखाने रडतखडत चालू आहेत. गणवेशाचा धंदा मात्र वाढला; २०१७ला इथं गणवेशाचं मोठं प्रदर्शनही भरलं होतं. देशभरातल्या शाळांचे कपडे इथून जातात. मला त्या प्रदर्शनाचा अभिमान वाटला होता. त्याच वर्षी तात्याचा पोरगा, माझा मावसभाऊ, गाव सोडून सोलापुरात अशाच एका युनिटात नगावर शिवायला लागला. बापाच्या ओट्यावरून जे काम गेलं ते जिथं गेलं होतं, तिथंच पोरगा गेला. तो फक्त कॉलर लावतो. दिवसभर कॉलरच. अख्खा शर्ट शिवून किती वर्षं झाली ते त्यालाही आठवत नाही.

मशीन बसून राहायला लागली तसे तात्या रानाकडं वळले. स्वतःचं रान नाही, म्हणून बटईनं. निम्मा खर्च मालकाचा, निम्मा यांचा, कष्ट सगळे यांचे आणि माल निम्मा-निम्मा. पन्नाशी उलटलेला शिंपी नांगरामागं कसा चालत असेल, याची चेष्टा गावानं केलीच. पण मावशी शेतकऱ्याच्या वाड्यात खुरपायला जाऊन जाऊन तयार झालेली. ती पुढं, तात्या मागं. चार-पाच वर्षं बरी गेली. मग त्या दोघांनी कांदा केला.

२०२३च्या फेब्रुवारीत कांद्याचं काय झालं ते सोलापूर जिल्ह्यात कुणाला सांगायची गरज नाही. बार्शी तालुक्यातलाच एक शेतकरी ५१२ किलो कांदा घेऊन सोलापूरच्या बाजारात आला होता. किलोला १ रुपया भाव लागला, हमाली-तोलाई-मोटारभाडं वजा होऊन हातात २ रुपयांचा चेक पडला, तोही पुढच्या तारखेचा. त्या चेकचा फोटो देशभर फिरला. तात्याचा कांदा त्याच दिवसांतला. त्यांना ३ रुपये भाव मिळाला म्हणून ते नशीबवान. ८० पिशव्या, ४० क्विंटल, पट्टी १२ हजारांची. सगळं वजा जाऊन साडेसहा हजार उरले, त्यातले निम्मे मालकाचे. रोपं, खत, औषध यांसाठी तात्यांनी शेकडा तीननं हातउसने घेतलेले चाळीस हजार, आणि मावशीच्या नावावर मायक्रोफायनान्सचा पंधरवड्याचा हप्ता.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात तात्याचा मला फोन आला. इकडचं-तिकडचं बोलले, माझ्या पोरीच्या दहावीची चौकशी केली आणि शेवटी म्हणाले, "मास्तर, वीसेक हजाराचं काय होईल का बघा." मी म्हटलं, तात्या, मार्च आहे, टॅक्स कापलाय, एप्रिलच्या पगारात बघू. ते म्हणाले, "व्हय व्हय, सवडीनं बघा." एप्रिलमध्ये मी विसरलो नव्हतो. पण त्यांनी परत विचारलं नाही आणि मी आपणहून फोन केला नाही. बस, एवढंच.

मे महिन्यात तात्या गेले. कसे गेले ते लिहीत नाही. स्वतः गेले.

दहावा झाल्यावर कुणीतरी सांगितलं की सरकारची मदत मिळते, अर्ज करा. मी शिकलेला, म्हणून कागद मी घेऊन फिरलो. शेतकऱ्यानं आत्महत्या केली तर कुटुंबाला १ लाख रुपये मिळतात. त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेव म्हणून. २००६च्या सुमाराला ही रक्कम ठरली ती अजून तीच आहे, पण ते असू द्या. त्यासाठी प्रकरण 'पात्र' ठरावं लागतं. मयताच्या किंवा घरातल्या कुणाच्या तरी नावावर जमीन हवी. कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं, आणि ते थकल्याचा तगादा हवा.

कचेरीतली बाई भली होती. तिनं मावशीला खुर्ची दिली, पाणी दिलं. फॉर्मवर 'जमीन' या रकान्यात काय लिहू म्हणून तिनं माझ्याकडं बघितलं आणि मीच म्हटलं, निरंक. 'कर्ज' या रकान्यात मायक्रोफायनान्सचं कार्ड दाखवलं तर ते मावशीच्या नावाचं, आणि हप्ते एकही थकलेला नाही. मावशीनं दुसऱ्यांच्यात खुरपून हप्ते भरले होते. ते प्रामाणिकपणे भरले हीच अडचण. शेकडा तीनवाल्याचा कागद नव्हताच. कारागीर म्हणून कुठं नाव आहे का विचारलं, तेही नव्हतं. प्रकरण अपात्र.

मला तेव्हा संताप आला होता, पण कुणावर काढायचा ते कळेना. ती बाई नियमाप्रमाणे बोलत होती. नियमही कुणी दुष्टपणानं केला असेल असं नाही, खोटी प्रकरणं येऊ नयेत म्हणूनच केला असेल. नंतर वाचताना एक गंमत कळली. दिल्लीत एनसीआरबी दरवर्षी आत्महत्यांचे आकडे काढते, त्यात दुसऱ्याची जमीन कसणाराही शेतकरीच धरतात. म्हणजे मोजताना तात्या शेतकरी, मदतीच्या वेळी नाहीत.

चार महिन्यांनी, १७ सप्टेंबर २०२३ला, केंद्राची विश्वकर्मा योजना सुरू झाली. अठरा व्यवसायांत शिंपीही आहे. अवजारांसाठी १५ हजार, वर कमी व्याजाचं कर्ज. मावसभावानं मला व्हॉट्सॲपवर ती जाहिरात पाठवली, खाली काही लिहिलं नव्हतं.

आता वाचनाकडं येतो. गेल्या वर्षी मावशी गाव सोडून पोराकडं शेळगीत राहायला आली. एक खोली, पुढं पडवी. शेजारी एक अक्का राहतात, पद्मशाली, विड्या वळतात. पहाटेपासून सूप मांडीवर, तेंदूचं पान, पत्र्याचं माप, कात्री. हजार विड्या झाल्या की ब्रँचवर नेऊन द्यायच्या. मावशीची आणि त्यांची गट्टी जमली. मावशीला तेलुगू येत नाही, अक्कांचं मराठी सोलापुरी. दोघींचं चालतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी एक दिवस 'पाचोळा' पिशवीत टाकून गेलो. का नेली ते नीट सांगता येणार नाही. मावशी चौथी शिकलेली, आता डोळ्यानं अक्षर लागत नाही. म्हटलं, मावशे, एका शिंप्याच्या बायकोची गोष्ट आहे, वाचू का? ती म्हणाली, "वाच की, कोण नको म्हणतंय." तेव्हापासून दर रविवारी दहा-पंधरा पानं. पडवीत मावशी पाय पसरून, अक्का विड्या वळत, मी प्लास्टिकच्या खुर्चीवर. मधे शाळा सुरू झाली, पावसाळा आला, दोन-तीन महिने खंडही पडला.

मला वाटलं होतं मावशी रडेल. मी तशी तयारीही ठेवली होती. मावशी रडली नाही. ती हिशोब विचारत बसली. शिलाई किती घ्यायचा गंगाराम? मशीन रोखीनं घेतली का उधारीवर? "धान्यावर शिवत हुता का पैशावर?" जिथं पुस्तकात उत्तर नव्हतं तिथं ती नाराज व्हायची. "लिहिणाऱ्यानं विचारायला पायजे हुतं." अक्कांना मात्र पार्वतीची काळजी. दर रविवारी पहिला प्रश्न त्यांचा : "त्या बाईचं काय झालं?" पोरगा भारत आला की दोघीही गप्प व्हायच्या. मावशी आत खोलीकडं बघायची. आत मावसभाऊ रात्रपाळी करून झोपलेला असायचा.

मी वर्गात दहावीच्या पोरांना शिकवतो की पात्राशी एकरूप व्हा, वगैरे. मावशी एकरूप झाली नाही. ती पार्वतीकडं शेजारणीसारखी बघत होती. हिचं चुकतंय, इथं हिनं बोलायला नको होतं, इथं नवऱ्याला गप करायला पाहिजे होतं. 'मीच ती' असं ती कधी म्हणाली नाही. मला वाटतं, कादंबरी खरी असल्याची खूण तीच असावी. माणूस तिच्याशी भांडायला लागतो.

आणि मग एका रविवारी, गरडाचं प्रकरण चांगलं तापलेलं असताना, मावशीनं मला हातानं थांबवलं.

"ह्येंचं निदान भांडण तरी झालं," ती म्हणाली. "आमचं तर कुणाशी भांडणच झालं न्हाई."

मी पुस्तक मिटलं. ती बोलत राहिली, नेहमीच्याच आवाजात, जशी बाजारहाटाचं सांगते तशी. रानाचा मालक चांगला होता. कधी वावगं बोलला नाही. कांद्याचं सरकारी अनुदान निघालं, क्विंटलला ३५० रुपये, ते ज्याचा सातबारा त्याच्या खात्यावर आलं, १४ हजार, तुकड्या तुकड्यांनी. तर त्यानं निम्मे, ७ हजार, न मागता घरी आणून दिले. तात्या नव्हते तेव्हा. उंबऱ्यात उभा राहून रडला. आडत्या ओळखीचा होता, त्यानंच चहा पाजला होता. शेकडा तीनवाल्यानंही दारात येऊन शिव्या घातल्या नाहीत, चुलत्याच्या हाती निरोप धाडायचा. कचेरीतली बाई चांगली. मायक्रोफायनान्सचा पोरगा "आत्या" म्हणायचा. "आणि तू बी काय वंगाळ बोलला न्हाईस," मावशी म्हणाली. "सवडीनं बघू म्हणलास."

तिला फोनचं माहीत होतं. दोन वर्षं माहीत होतं.

अक्कांची कात्री तेवढी चालू होती.

त्या दिवशी घरी येताना बाळीवेशीपाशी गाडी थांबवून मी थोडा वेळ नुसताच उभा होतो. माझी लाज बाजूला ठेवतो, ती माझी मला फेडायची आहे. पण मावशी जे बोलली ते मला कुठल्याच समीक्षेच्या पुस्तकात सापडलं नव्हतं. १९७१च्या गावात दैन्याला तोंड होतं. गरड समोर दिसत होता. त्याच्यापुढं वाकायचं नाही हे गंगाराम ठरवू शकत होता, त्यासाठी मोडायचं तर मोडायचं हेही त्याच्या हातात होतं. चूक असेल, हट्ट असेल, पण तो त्याचा होता. तात्यांनी कुणापुढं मान ताठ ठेवायची होती? गणवेश शिवणाऱ्या युनिटापुढं? तिथं त्यांचाच पोरगा बसलाय. बाजाराच्या भावापुढं? फॉर्मवरच्या रकान्यापुढं? सगळी माणसं बरी आणि घर मात्र गेलं.

मला कुणी म्हणेल, मास्तर, मग दोष कुणाचाच नाही म्हणायचं का? तसं नाही. दोष आहे, आणि तो अगदी साध्या जागी आहे. बटईचा कागद होत नाही. का होत नाही, तर १९४८चा कूळकायदा. त्यानं एकेकाळी लाखो कुळांना जमीन दिली, १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन म्हणून आपण शिकवतो. उपकारच आहेत त्या कायद्याचे. पण त्याची धास्ती जमीनवाल्यांच्या मनात अशी बसली की आज कुणीही, कितीही चांगला मालक असो, बटईचं एक अक्षर कागदावर येऊ देत नाही. उद्या हा कूळ लागला तर? म्हणून सगळं तोंडी. नीती आयोगानं २०१६ला एक नमुना कायदा केला. मालकाची मालकी शाबूत राहील आणि कसणाऱ्याचीही नोंद होईल, म्हणजे कर्ज, विमा, भरपाई त्याला मिळेल, असा. आपल्याकडं त्यावर गावात कुणी चर्चा केलेली मी तरी ऐकली नाही. निवडणुकीत कर्जमाफीवर भाषणं होतात. ज्याला कर्जच मिळत नाही त्याला माफी कशाची?

हे सगळं जुनं उकरतोय असं वाटत असेल तर २०२५च्या सप्टेंबरातलं घ्या. सीनेला पूर आला, माढा-मोहोळकडची गावंच्या गावं पाण्यात गेली, लांबोटीला पुण्याचा हायवे बंद पडला. आपण सगळ्यांनी धान्याचे किट भरले, मीही शाळेतल्या पोरांना घेऊन गेलो. तिथं एका गावात पंचनामा चाललेला. वाहून गेलेल्या उसाच्या बांधावर एक म्हातारा तलाठ्याला कुठपर्यंत ऊस होता ते दाखवत होता, पायाला चिखल, हातात फाटकी छत्री. तलाठ्यानं नाव विचारलं. म्हाताऱ्यानं जे नाव सांगितलं ते पुण्यात राहणाऱ्या कुणाचं तरी होतं. मी न विचारताच ओळखलं.

असो. पुरावरून परत आल्यावर त्या रविवारी मी मावशीला हे सांगितलं. ती "व्हय" एवढंच म्हणाली आणि वेगळाच विषय काढला. गावाकडची मशीन आणायची आहे. दिराच्या पडवीत गोणपाटाखाली पडलीय, उंदीर पट्टा खातील. मावसभाऊ म्हणाला, आई, इथं पाय पसरायला जागा नाही, मशीन कुठं ठेवू? आणि शिवणार काय? तर अक्का आतून म्हणाल्या, आमच्या पडवीत ठेवा, माझे चार झंपर पडलेत, टेलर लोक परवडत नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीत मी आणि मावसभाऊ छोट्या टेम्पोतून मशीन घेऊन आलो. वैरागला थांबून पट्टा आणि तेल घेतलं. खालच्या कप्प्यात तात्याचा खडू होता, बोटाएवढा उरलेला, आणि एक जुनी वही. तिच्यात गावातल्या प्रत्येकाची मापं. छाती, कंबर, बाही, उंची. माझंही पान होतं. १९९४पासून दरवर्षीची उंची, एकाखाली एक, सोलापूरला आलो त्या वर्षापर्यंत. मावसभावानं ते पान मला फाडून देऊ का विचारलं. मी नको म्हटलं, वहीतच राहू दे.

मशीन आता अक्कांच्या पडवीत आहे. मावशी दुपारी बसते. अक्कांचे झंपर झाले, त्यांच्या ब्रँचवरच्या दोघी-तिघींचे आले आहेत. मावसभावानं एका रविवारी झोपमोड करून बापाच्या मशीनवर स्वतःसाठी अख्खा शर्ट शिवला. कॉलर चांगली बसलीय, बाह्या चुकल्या. मावशीनं उसवून परत लावायला सांगितल्या.

'पाचोळा'ची शेवटची पंधरा-वीस पानं राहिलीत. मी मुद्दाम लांबवतोय हे मावशीच्या लक्षात आलेलं आहे. परवा तिनं विचारलं, ती पार्वती हे सगळं बोलतीय ती गावातच बसून बोलतीय का गाव सोडून? मला आठवेना. परीक्षेला तो प्रश्न नव्हता. या रविवारी बसणार आहोत. अक्कांनी बजावून ठेवलंय, मी ब्रँचवरून येईपर्यंत सुरू करू नका.